शेपूट नसलेलं लढाऊ विमान नाक सरळ कसं ठेवतं?

प्रश्न असा होता: नव्या पिढीच्या स्टेल्थ (रडारला सहज न दिसणाऱ्या) लढाऊ विमानांना उभं शेपूटच नाही, मग ती सरळ उडतात कशी आणि वळतात कशी? सगळं काम कॉम्प्युटरच करणार असेल, तर हे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच का नाही झालं? शेवटी एक शंकाही होती, की अशी विमानं चपळतेत मार खातील का.

उड्डाण नियंत्रणाच्या कामात असल्यामुळे ‘कॉम्प्युटर सांभाळून घेतो’ हे उत्तर मी सतत ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. कॉम्प्युटर काय करायचं ते ठरवतो. ते करायला लागणारा जोर मात्र हवेतून किंवा इंजिनातून यावा लागतो, आणि ठरवण्याआधी विमान नेमकं कोणत्या स्थितीत आहे हे त्याला कळावं लागतं. शेपूट काढलं की जोरही कमी पडतो आणि माहितीही. माझ्या मते या विमानांचं खरं दुखणं या दोन ठिकाणी आहे. कंट्रोल लॉ, म्हणजे कॉम्प्युटरने कधी काय हलवायचं याचे नियम, लिहिणं त्यामानाने सोपं.

आधी उभं शेपूट काय करतं ते पाहू. हवा नाकासमोरून न येता जरा बाजूने यायला लागली, की त्या कोनाला साइडस्लिप म्हणतात. शेपूट बाणाच्या पिसांसारखं काम करतं: नाक पुन्हा वाऱ्याकडे आणतं. शिवाय नाक डावीकडे-उजवीकडे झुलायला लागलं तर ते झुलणं शमवतं, आणि त्यावर बसवलेला रडर पायलटला नाक मुद्दाम फिरवायची सोय देतो. म्हणजे स्थैर्य, डॅम्पिंग आणि नियंत्रण ही तिन्ही कामं गुरुत्वमध्यापासून बऱ्याच मागे असलेल्या एका पत्र्यावर सोपवलेली असतात. लांब हातामुळे छोट्या बलातूनही मोठा मोमेंट, म्हणजे फिरवणारा जोर, मिळतो. शेपूट गेलं की तो लांब हातही गेला, आणि त्याची भरपाई दुसरीकडून सहजी होत नाही.

मग इतकी उपयोगी वस्तू काढायची कशाला? मुख्य कारण रडार. दोन सपाट पृष्ठं काटकोनात मिळाली की रडारची लहर जिथून आली तिथेच परत जाते, म्हणून अमेरिकेच्या एफ-२२ या स्टेल्थ विमानाची दोन्ही शेपटं २८ अंशांनी बाहेर झुकवलेली आहेत. तीनेक सेंटिमीटर तरंगलांबीच्या एक्स-बँड रडारशी एवढ्यावर निभावतं. व्हीएचएफ रडारचं तसं नाही. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी दोन मीटर होते, आणि शेपटाची मापं याच घरातली. वस्तू आणि लहर साधारण एका मापाची झाली, की पृष्ठभाग कसा झुकवलाय याला फारसा अर्थ राहत नाही. अनुनादामुळे प्रतिध्वनी उठतोच. रडार शोषणारा लेप एवढ्या लांब लहरीला पुरायचा तर तो फारच जाड द्यावा लागेल. तेव्हा इलाज एकच उरतो, त्या मापाची वस्तू विमानावर ठेवायचीच नाही. वजन आणि ड्रॅग (हवेचा अवरोध) वाचतो, पल्ला वाढतो, हेही खरंच, पण निर्णय रडारमुळे होतो.

कल्पना नवी नाही. जर्मनीत हॉर्टन बंधूंचं जेटवर चालणारं फ्लाइंग विंग (नुसत्या पंखाच्या आकाराचं विमान) फेब्रुवारी १९४५ मध्ये उडालं आणि त्याच महिन्यात कोसळलं. अमेरिकेत जॅक नॉर्थ्रॉप यांचं एक्सबी-३५ जून १९४६ मध्ये उडालं. त्याला मागे ढकलणारे प्रोपेलर होते. मागे फिरणारे प्रोपेलर आणि त्यांच्या शाफ्टवरची आवरणं यांचा नाक सरळ ठेवायला आपोआप हातभार लागत असे. पुढे प्रोपेलर काढून जेट इंजिनं बसवली आणि वायबी-४९ तयार झालं, तेव्हा तो हातभार गेला, म्हणून पंखाच्या मागच्या बाजूला चार छोट्या फिन लावाव्या लागल्या. तरीही नाकाचं झुलणं लवकर थांबत नसे, आणि बॉम्बफेकीच्या चाचण्यांत निशाणा धरायला त्याचा त्रास झाला. जून १९४८ मध्ये एक वायबी-४९ चाचणीदरम्यान कोसळलं. त्यात गेलेल्या कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स यांचं नाव कॅलिफोर्नियातल्या त्या तळाला दिलं, तोच आजचा एडवर्ड्स हवाई तळ.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तो ‘कॉम्प्युटरशिवाय अशक्य’ या समजुतीला छेद देतो. बोईंगचं ‘बर्ड ऑफ प्रे’ हे गुप्त प्रायोगिक विमान १९९६ ते १९९९ या काळात ३८ वेळा उडालं आणि २००२ मध्ये जाहीर झालं. त्याला उभं शेपूट नव्हतं, नियंत्रण साधं हाताने चालणारं, आणि कॉम्प्युटरच्या मदतीशिवाय ते स्थिर होतं. पंखांची टोकं खाली झुकवून आकारातूनच स्थैर्य काढलं होतं. मात्र ते सावकाश उडणारं विमान होतं. वेगवान लढाऊ विमानाला हा हिशेब परवडत नाही.

बी-२ या अमेरिकी स्टेल्थ बॉम्बरने रस्ता बदलला. जुलै १९८९ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानाच्या पंखांच्या टोकाला दुभंगणारे रडर आहेत: एक पान वर उघडतं, एक खाली. डाव्या टोकाला उघडले की डावीकडे ड्रॅग वाढतो आणि नाक डावीकडे वळतं. ५२ मीटरच्या पंखविस्तारात टोकावरच्या ड्रॅगला लांब हात मिळतो, त्यामुळे हे जमतं. पण अडचणी दोन आहेत. पहिली, पृष्ठभागालगतच्या मंद हवेच्या थरामुळे सुरुवातीचे काही अंश पानं उघडूनही फारसा परिणाम दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची पानं आधीच थोडी उघडी ठेवून मग त्यांच्यात फरक करतात, म्हणजे सरळ उडतानाही ड्रॅगचा भुर्दंड. दुसरी अडचण अधिक बोचरी. उघडलेलं पान म्हणजे रडारसाठी एक नवी कड आणि एक नवं पृष्ठ. ज्या कारणासाठी शेपूट काढलं, तेच थोडक्यात पुन्हा उघडतं. त्यामुळे शत्रूच्या रडारच्या टप्प्यात पानं मिटून ठेवायची असतील तर यॉसाठी, म्हणजे नाक डावी-उजवीकडे फिरवण्यासाठी, दुसरं काहीतरी लागतं: डाव्या-उजव्या इंजिनांच्या जोरात फरक, किंवा एलेव्हॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांची) अशी जुळवाजुळव की रोल, म्हणजे एका बाजूला कलणं, न होता थोडं यॉ मिळेल. इंजिन मंद असतं, आणि एलेव्हॉनमधून मिळणारं यॉ अगदी थोडं. लढाऊ विमानाचा पंख तर बी-२ च्या पंखासमोर खूपच आखूड, त्यामुळे तिथे टोकावरच्या ड्रॅगचा हातही आखूड.

आता जोराचा प्रश्न आकड्यांत पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, कोणत्याही खऱ्या विमानाचे नाहीत. समजा, विमान यॉमध्ये असं अस्थिर आहे, की मोकळं सोडलं तर साइडस्लिप दर पाव सेकंदाला दुप्पट होतो. एका अंशाचे सेकंदात सोळा अंश. दुरुस्तीला किती वेळ लागतो? सेन्सर आणि त्याचा फिल्टर २० मिलिसेकंद, कॉम्प्युटरचं गणित २०, अ‍ॅक्चुएटर (पृष्ठभाग हलवणारं यंत्र) हलून हवेवर जोर बसेपर्यंत ५०. एकूण ९०. तेवढ्या वेळात चूक सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. हे चालवून घेता येतं. पण दुप्पट होण्याचा काळ ०.१ सेकंद असता, तर त्याच ९० मिलिसेकंदांत ती ८७ टक्क्यांनी वाढली असती. मग कितीही हुशार कंट्रोल लॉ लिहा, पुरेसा मार्जिन उरत नाही. म्हणजे आकार किती अस्थिर ठेवायचा याची मर्यादा अ‍ॅक्चुएटरच्या चपळाईवरून ठरते, आणि ती मर्यादा आकार पक्का होण्याआधी टेबलावर यावी लागते. नंतर सॉफ्टवेअरवाल्यांच्या गळ्यात मारून उपयोग नसतो.

पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा. समजा, सगळे यॉ देणारे पृष्ठभाग पूर्ण उघडले तर त्यांचा जोर ८ अंश साइडस्लिपच्या अस्थिर मोमेंटला पुरतो. तर ८ अंश ही भिंत. त्यापलीकडे विमान गेलं की सगळं ताकदीने उघडलं तरी नाक परत येणार नाही, आणि नाक आधीच त्या दिशेने फिरत असेल तर भिंत आणखी अलीकडे येते. ही भिंत वेगाबरोबर फारशी सरकत नाही, कारण अस्थिर मोमेंट आणि पृष्ठभागांचा जोर दोन्ही हवेच्या त्याच दाबावर वाढतात-घटतात. वाऱ्याचा झोत मात्र वेगानुसार वेगळा वागतो. १० मीटर प्रतिसेकंदाचा आडवा झोत २५० मीटर प्रतिसेकंदाने जाणाऱ्या विमानाला सव्वादोन अंशांच्या आसपास साइडस्लिप देतो. तोच झोत ७० मीटर प्रतिसेकंदाने उतरणाऱ्या विमानाला ८ अंश देतो. एका झोतात थेट भिंतीपाशी. यावरून दिसेल, की अशा विमानाची यॉमधली खरी परीक्षा बऱ्याचदा धावपट्टीजवळ असते, डावपेचांत नाही.

थ्रस्ट व्हेक्टरिंगचं महत्त्व इथेच. इंजिनाचा झोत वळवून मिळणारा मोमेंट विमानाच्या वेगावर अवलंबून नसतो, त्यामुळे जिथे पृष्ठभाग दुबळे पडतात तिथे त्याचा वाटा मोठा होतो. १९९४ मध्ये एक्स-३१ या प्रायोगिक विमानाने स्वनातीत (ध्वनीपेक्षा जास्त) वेगातही हे करून दाखवलं: शेपूट जागेवरच होतं, पण कंट्रोल लॉ ते जणू नाहीच असं वागत होता आणि स्थैर्य व्हेक्टरिंगमधून मिळत होतं. अर्थात फुकट काही नाही. हलणारं नॉझल (इंजिनाचं मागचं तोंड) जड असतं, गरम असतं, मागून रडारला दिसतं. एफ-२२ चं चपटं नॉझल फक्त वर-खाली वळतं, डावी-उजवीकडे नाही. शिवाय स्थैर्य इंजिनावर टाकलं की इंजिन विझल्यावर जोर आणि स्थैर्य एकदम जातं. एकाच इंजिनाच्या विमानात मी तरी हे कधी मान्य करणार नाही, पायलट आत असेल तर नाहीच.

जोरानंतर माहिती. यॉमध्ये अस्थिर विमानाला साइडस्लिप अचूक कळायला हवा. साध्या विमानात नाकावर हवेचा दाब मोजणारी पिटो नळी असते, बाजूला हवेची दिशा दाखवणारी पाती असतात. स्टेल्थ विमानावर असं काही बाहेर काढून चालत नाही. तिथे पृष्ठभागाशी सपाट बसवलेल्या छिद्रांमधून दाब मोजतात आणि त्या दाबांवरून वेग, अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला वर-खालचा कोन) आणि साइडस्लिप गणिताने काढतात. अ‍ॅक्सेलरोमीटरवरून अंदाज बांधता येईल असं वाटतं, पण शेपूट नसलेलं चपटं विमान बाजूने आलेल्या हवेला फारसं अडवतच नाही. बाजूचं बल इतकं कमी, की साइडस्लिप असूनही अ‍ॅक्सेलरोमीटरला जेमतेम जाणवतो. जायरो आणि जडत्वीय प्रणाली विमानाची हालचाल सांगतात, हवेची नाही. अचानक आलेला झोत त्यांना दिसत नाही. म्हणजे ज्या विमानाला साइडस्लिपची माहिती सर्वांत जास्त हवी, त्यालाच ती मिळवणं सर्वांत कठीण.

दाबाची माहिती चुकली तर काय होतं, ते २३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाममधल्या अँडरसन तळावर दिसलं. ‘स्पिरिट ऑफ कॅन्सस’ या बी-२ च्या दाब मोजणाऱ्या काही ट्रान्सड्यूसरमध्ये पावसाळी हवेचा ओलावा शिरला होता. ओलावा असतानाच त्यांचं कॅलिब्रेशन झालं. नंतर गरम होऊन ओलावा गेला, पण कॅलिब्रेशनमधली चूक तशीच राहिली. उड्डाणाच्या वेळी कॉम्प्युटरने वेग चुकीचा काढला आणि नाक खाली झुकलंय, अँगल ऑफ अटॅक ऋण आहे, असा निष्कर्ष काढला. त्याच्या हिशेबाने योग्य असलेली गोष्ट त्याने केली: पायलटांनी मागितलं नसताना १.६ जी चा (गुरुत्वाच्या १.६ पट) झटका देऊन नाक सुमारे ३० अंश वर नेलं. विमानाचा वेग मरला, डावीकडचं टोक जमिनीला घासलं. दोघे पायलट इजेक्ट होऊन वाचले, विमान गेलं. कंट्रोल लॉमध्ये दोष नव्हता. बहुमताने चूक पकडायला चार-चार समांतर चॅनेलही होते. पण वेगवेगळे सेन्सर एकाच कारणाने एकाच वेळी चुकले तर मतदानाने सत्य सापडत नाही. अशा विमानाचा आराखडा तपासताना मी पहिली वही हवेच्या माहितीची मागतो ती यामुळेच.

आता पिचबद्दल, म्हणजे नाक वर-खाली होण्याबद्दल, थोडक्यात. आडवं शेपूटही नसल्यामुळे नाक वर करायला पंखाच्या मागच्या कडेचे एलेव्हॉन वर उचलावे लागतात, आणि ते उचलले की पंखाची एकूण लिफ्ट (विमान वर उचलणारं बल) कमी होते. नाक वर जाण्याआधी विमान क्षणभर खाली बसतं. उतरताना नेमकं हेच नको असतं. म्हणून गुरुत्वमध्य जरा मागे ठेवून विमान पिचमध्ये सौम्य अस्थिर करतात. मग समतोलात एलेव्हॉन खाली राहतात आणि लिफ्ट वाढते. पण मग इंधन संपत जाताना आणि शस्त्र सुटताना गुरुत्वमध्य किती सरकतो यावर कडक नजर ठेवावी लागते. त्यात मागे झुकलेल्या पंखावरचे भोवरे एका ठरावीक कोनानंतर जागा बदलतात आणि नाक अचानक वर उसळतं. नाटोच्या संशोधन गटाने ‘सॅकॉन’ या ५३ अंश मागे झुकलेल्या पंखाच्या मॉडेलवर हे बारकाईने अभ्यासलं आहे. विंड टनेलमध्ये दिसलेली ती उसळी कंट्रोल लॉला आधीच सांगावी लागते, नाहीतर कोनाची मर्यादा घालावी लागते.

आता कॉम्प्युटरच्या वाट्याचं काम. शेपूट गेल्यावर एकाच मोठ्या रडरऐवजी दहा-बारा छोटी साधनं हाताशी असतात: एलेव्हॉन, दुभंगणारी पानं, पंखाच्या पाठीवर उघडून हवा अडवणारे स्पॉयलर, पुढच्या कडेचे फ्लॅप, सबंध फिरणारी पंखाची टोकं. लॉकहीडने १९९० च्या दशकात अशा साधनांचा पद्धतशीर अभ्यास केला होता. यातलं कोणतंही साधन फक्त यॉ देत नाही. स्पॉयलर उघडला की यॉबरोबर रोल येतो, थोडी पिचही येते, आणि त्याच्या मागच्या एलेव्हॉनवरची हवा विस्कटल्याने त्याचा जोर कमी होतो. त्यामुळे काम दोन टप्प्यांत चालतं. विमानाच्या गणिती मॉडेलचा उलटा वापर करून, हवी ती हालचाल मिळायला किती मोमेंट लागेल ते आधी काढायचं. एफ-३५ मध्ये हीच डायनॅमिक इन्व्हर्जन पद्धत आहे. मग तो मोमेंट साधनांमध्ये वाटायचा. खरा निर्णय वाटपात, जेव्हा मागणी जास्त आणि जोर कमी असतो तेव्हाचा. कोणता अक्ष आधी? माझं उत्तर ठरलेलं आहे: जो अक्ष अस्थिर आहे त्याच्या वाटणीचा जोर आधी बाजूला काढायचा, उरलेल्यात पायलटची मागणी बसवायची. पायलटला रोल जरा कमी मिळाला तर तो कुरकुरेल, पण विमान हातात राहील.

हे प्रत्यक्षात चालतं हे नासा आणि मॅकडॉनेल डग्लसच्या एक्स-३६ ने दाखवलं. पूर्ण आकाराच्या २८ टक्के मापाचं, जमिनीवरून उडवलं जाणारं हे विमान मे १९९७ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि त्या वर्षी ३१ उड्डाणं केली. पिच आणि यॉ दोन्हीत अस्थिर, मागे शेपूट काही नाही, पुढे कॅनार्ड (नाकाजवळचे छोटे पंख), दुभंगणारे एलरॉन आणि यॉमध्ये वळणारं नॉझल. डिसेंबर १९९८ मध्ये त्याच विमानावर न्यूरल नेटवर्कची जोड दिलेला कंट्रोल लॉ उडवून पाहिला. एखादा पृष्ठभाग निकामी झाल्याचं सोंग करून कॉम्प्युटर उरलेल्यांवर निभावतो का, ते तपासलं. निभावलं. हे पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे, त्यामुळे आज या क्षेत्रात ‘एआय’चा जो गाजावाजा होतो तो ऐकून जुने लोक जरा हसतात.

मग इतका उशीर का? तुकड्यातुकड्यांनी हे होतच होतं. अमेरिकेच्या एक्स-४७बी ने जुलै २०१३ मध्ये विमानवाहू जहाजावर स्वतःहून उतरून दाखवलं, युरोपचं न्यूरॉन २०१२ मध्ये, ब्रिटनचं टारॅनिस २०१३ मध्ये उडालं, आणि डीआरडीओचा शेपूटविरहित प्रात्यक्षिक नमुना जुलै २०२२ मध्ये चित्रदुर्गजवळ उडाला. पण ही सगळी ध्वनीपेक्षा कमी वेगाची, पायलट नसलेली यानं. स्वनातीत वेगात पृष्ठभागांची परिणामकारकता घटते, त्यांना हलवायला लागणारं बल वाढतं, आणि लांब धारदार नाक विमानाला यॉमध्ये आणखी अस्थिर करतं. त्यासाठी लागणारे ताकदवान, चपळ आणि तरीही पातळ पंखात मावणारे अ‍ॅक्चुएटर हा माझ्या मते उशिराचा मोठा भाग आहे. हवेच्या बारीक झोतांनी पृष्ठभागाशिवाय नियंत्रण करण्याचे प्रयोगही झालेत. ब्रिटनच्या मॅग्मा ड्रोनने २०१९ मध्ये ते उडवून दाखवले. कड न उघडता मोमेंट मिळतो म्हणून कल्पना मोहक आहे. पण झोतासाठी इंजिनातून हवा काढावी लागते, आणि मिळणारा जोर मोठ्या विमानाला एकट्याने पुरेल असं मला वाटत नाही.

राहिली चपळता. मोठ्या अँगल ऑफ अटॅकवर रोल करताना विमानाला स्वतःच्या लांबीभोवती नव्हे, तर प्रवासाच्या दिशेभोवती फिरावं लागतं. नाहीतर अँगल ऑफ अटॅकचं रूपांतर साइडस्लिपमध्ये होतं. त्यासाठी रोलच्या जोडीला यॉ लागतो. २० अंशांवर सेकंदाला १०० अंश रोल हवा असेल तर सेकंदाला ३६ अंश यॉही हवा. ५ अंशांवर तेवढ्याच रोलला ९ अंश पुरतो. म्हणजे कमी कोनावर, वेगात वळताना शेपूट नसल्याची उणीव फारशी जाणवणार नाही. हळू वेगात, मोठ्या कोनावर शत्रूवर नाक रोखायच्या झटापटीत ती जाणवेल, आणि ती भरून काढायची तर यॉमध्ये वळणारं नॉझल घ्यावं लागेल. एक्स-३६ ने ते घेतलं होतं आणि ते ४० अंशांपर्यंत गेलं. २६ डिसेंबर २०२४ रोजी चेंगडूवर दिसलेल्या तीन इंजिनांच्या चिनी विमानाच्या फोटोंत पंखाच्या बाहेरच्या बाजूची दुभंगलेली पानं उघडी दिसतात, म्हणजे हळू वेगात यॉचं काम त्यांच्याकडे आहे. त्याचा आकार, रुंद पंख आणि पोट पाहता ते लांबून क्षेपणास्त्र सोडायला बांधलंय असंच मला वाटतं. जवळच्या झटापटीत ते एफ-१६ शी बरोबरी करणार नाही, आणि ज्यांनी तो आकार निवडला त्यांनी हे धरूनच निवडला असणार.